श्रीशंकर आज्ञेवरून

गणेशभक्तहो, २०२० च्या महामारीत अनेक घरांतून एकच प्रश्न विचारला गेला : एवढी देवाची सेवा करूनही हे आमच्याच वाट्याला का? या प्रश्नाला शब्दांत उत्तर देणे कठीण. पण सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी ते आपल्या आयुष्याने दिले.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून त्यांचे पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. उलट राज्यकारभार शिकवला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष नाही हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत आणि राघोबादादा यांनी होळकरांची दौलत ताब्यात घेण्याचा बेत केला. बाईंनी लढायची तयारी ठेवली. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. फौज तुकोजीराव होळकरांनी सांभाळली.

पुढे महेश्वरी नर्मदाकाठी राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य केले. हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे लिहिले जाई. राज्य देवाचे, आपण त्याचे कारभारी, ही त्यामागची श्रद्धा होती.

या श्रद्धेतूनच देशभर कामे उभी राहिली. काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले होते. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० च्या सुमारास, बाईंनी जुन्या जागेशेजारी नवे मंदिर बांधले. सोमनाथला १७८३ मध्ये भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर दुसरे मंदिर उभारून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. ही सारी ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेरची, आणि खर्च त्यांच्या खासगीतला. शिवाय ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा वेगळ्याच.

रेल्वेत बांधकाम करणाऱ्या माझ्यासारख्याला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पूल वाहून गेला की आम्ही शेजारून वळणमार्ग काढून आधी गाडी सुरू करतो. बाईंनीही जुनी जागा मिळेपर्यंत वाट पाहिली नाही. शेजारी बांधले आणि खंडित झालेली पूजा पुन्हा चालू केली.

त्यांचे दुःख मात्र संपले नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईची विनवणी तिने ऐकली नाही. एवढे होऊनही बाईंनी देवाची आज्ञा मानून हाती घेतलेला कारभार सोडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

‘माझ्याच वाट्याला का’ याचे उत्तर त्यांनाही मिळाले नसेल. ‘देवाला माझ्याकडून काय करून घ्यायचे आहे’ हे मात्र त्यांनी ओळखले. देवाची योजना आपल्या आयुष्यापेक्षा मोठी असते. तिच्यातले आपल्या वाट्याचे काम करत राहणे, हीच संकटातली खरी आशा. विघ्नहर्ता आपल्या सर्वांना ते बळ देवो.

गणपती बाप्पा मोरया!