अरबीच्या पंगतीला मराठी

मंडळी, घरातल्या कपाटात दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे एखादी जुनी सीडी नक्की सापडेल. ती लावून त्यातली मराठी फाइल उघडून पाहा. मजकूर सगळा जागेवर असतो, परिच्छेदसुद्धा नीट असतात, फक्त मराठी गायब! पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, टोपी घातलेला 'ए', असला काहीतरी बाजार दिसतो. फाइल खराब झालेली नाही आणि व्हायरसही नाही. आम्हा सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींना हे दुखणं चांगलं परिचयाचं.

त्याचं मूळ असं. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण जागा २५६. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीच्या मालकीच्या. देवनागरीत मूळ वर्ण थोडे, पण वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरली तर आकार शेकडो होतात. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी आपली लिपी तुकड्यातुकड्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली. इथे काना, तिथे अर्धा 'स', पलीकडे उकार. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच, अंगरखा तेवढा मराठी. त्यात पुण्याच्या श्री-लिपीची मांडणी वेगळी, बंगळूरच्या आकृतीची वेगळी. एकीचा मजकूर दुसरीत उघडला की झाला घोटाळा.

बरं, सर्वांसाठी एकच मांडणी नव्हती असंही नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. भारतीय भाषांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये अधिकृत झालं. पण छपाईवाल्यांना हवा होता कागदावर सुंदर दिसणारा टाइप, आणि छापलेल्या पानाला आतला कोड कोण विचारतो? कंपन्यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांच्यामुळेच परदेशातली मंडळं चार हौशी माणसांच्या जोरावर घरच्या घरी अंक काढू लागली, हेही खरं.

आता बहरीनची गोष्ट. इथल्या ऑफिसांत अरबी विंडोज असायची. त्या २५६ जागांपैकी वरच्या अर्ध्या भागात अरबी लिपी. युरोपी मांडणीत १९९ क्रमांकावर शेपटीवाला 'सी' असतो, अरबी मांडणीत त्याच क्रमांकावर 'अलिफ'. त्यामुळे पुण्याहून आलेली मराठी फाइल मनामातल्या मशीनवर उघडली की मधूनच अरबी अक्षरं डोकावायची, आणि अरबी उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे ओळही उलटसुलट व्हायची. भारतातल्या मित्राला फोनवर हे समजावून सांगणं म्हणजे दिव्यच!

त्या मानाने तारेचं दुखणं सरळ. नव्वदीच्या दशकात ऑफिसांत कोअ‍ॅक्स केबल या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलेली असायची. टोकाचा टर्मिनेटर कुणाच्या पायाने सैल झाला की अख्खं नेटवर्क झोपायचं. पण टेबलाखाली शिरून एकेक जोड चाचपला की दोष हाताला लागायचा. अक्षरांचा दोष असा चाचपून सापडत नाही. १९९५ मध्ये बहरीनमध्ये इंटरनेट आलं, तेव्हा मराठी पत्राबरोबर फॉन्टही जोडून पाठवायचा किंवा पानाचं चित्र करून पाठवायचं, एवढेच उपाय होते. मोडेमच्या वेगाने ते चित्र उतरेपर्यंत चहा होऊन जायचा.

खरा उतारा युनिकोडचा. पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. म्हणजे घरच्यांनी बाजूला ठेवलेली वस्तू जगाने उचलली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह देवनागरी आली. पुढच्या वर्षी एक्सपी आली आणि तिच्यात एक गंमत होती. भाषांच्या सेटिंगमध्ये गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठी मिळून एकच चौकट होती. अरबी, हिब्रू, थाई आणि आपली देवनागरी, सगळ्या त्या एका टिकमार्कवर. पुण्यातल्या इंग्रजी एक्सपीवर ही चौकट कोरी असायची. ती चालू करायला विंडोजची सीडी लागायची, आणि सीडी कुणाच्या कुलपात ते देव जाणे. इथे मात्र अरबीशिवाय ऑफिस चालत नाही, म्हणून चौकटीत आधीच टिक! मराठीसाठी कुणी बोटही न हलवता मनामातल्या मशीनवर मराठी स्वच्छ दिसायची. ज्या अरबीने आमच्या फाइलींचा पार विचका केला होता, तिच्याच पंगतीला बसून मराठी जेवली.

याचं मोल २००८ मध्ये कळलं. त्या वर्षी ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या, आणि १ फेब्रुवारीला आखातातली फाल्कन केबल दुबईजवळ तुटली. फाल्कनच्या जागी नंतर पाच-सहा टन वजनाचा टाकून दिलेला नांगर सापडला. भारत आणि आखात, दोन्हीकडे इंटरनेट रांगू लागलं. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला तीन बाइट लागतात, तरी चार हजार अक्षरांचं पत्र बारा केबीच्या आसपास बसतं. त्याच पत्राचं स्कॅन केलेलं चित्र शेकडो केबींचं.

आता राहिल्या त्या सीडी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, पण फॉन्ट कोणता होता हे माहीत हवं. फाइलीवर त्याचं नाव नसेल आणि अंक जुळवणारे काका मायदेशी परतले असतील, तर शोध घ्या त्या काकांचा. सीडीही कायम टिकत नाहीत. शिवाय रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो, विशेषतः आपला खास मराठी अर्धा 'र'. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर सह्याद्रीवरचा लेख थेट समुद्रात! आणि गंमत म्हणजे युनिकोडमध्येही हा अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो: 'र'पासून, किंवा खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण शोधताना पुष्कळदा एक प्रकार सापडतो आणि दुसरा लपून राहतो. तेव्हा जुन्या अंकात 'दऱ्या' शोधायच्या असतील तर दोनदा शोधा.