चार्ली ब्राऊनचं झाड

अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी मॅनिटोवॉक नावाचं गाव आहे. तिथल्या ‘ॲल्युमिनम स्पेशालिटी’ या कारखान्यात पातेली, तवे आणि भातुकलीची भांडी तयार होत. १९५९ साली या कारखान्यानं ‘एव्हरग्लीम’ नावाचं ॲल्युमिनियमचं ख्रिसमस ट्री बाजारात आणलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत अशी दहा लाखांहून जास्त झाडं खपली.

आमच्या शेजारच्या आजींच्या माळ्यावर असं एक झाड अजून आहे. डिसेंबर लागला की ते उभं करायला मी मदतीला जाते. रुपेरी लाकडी खोडाला तिरपी भोकं असतात आणि त्यांत फांद्या खोचायच्या. प्रत्येक फांदी कागदाच्या नळीत ठेवलेली असते. नळी हळूच सरकवावी लागते, घाई केली की चमकी झडते. धातूच्या झाडावर विजेच्या माळा सोडायच्या नाहीत, शॉक बसायची भीती. म्हणून खाली दिवा ठेवायचा आणि त्याच्यासमोर चार रंगांची चकती फिरत राहते. झाड घटकेत लाल होतं, घटकेत निळं. सुंदर दिसतं ते, यात वादच नाही. पण याच झाडाला एका लहान मुलांच्या गोष्टीनं नाताळातल्या दिखाऊपणाची खूण करून टाकलं.

ती गोष्ट म्हणजे ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ हा टीव्हीवरचा कार्टून कार्यक्रम. ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएस वाहिनीवर ती पहिल्यांदा दाखवली गेली. लिहिणारे चार्ल्स शुल्झ, आमच्या शेजारच्या मिनेसोटात वाढलेले, वडिलांचं केस कापायचं दुकान. त्यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका तेव्हा घरोघरी वाचली जाई.

गोष्ट अगदी साधी आहे. नाताळ तोंडावर आलाय आणि चार्ली ब्राऊनला आनंदच होत नाही. त्याचा कुत्रा स्नूपी रोषणाईच्या स्पर्धेचं बक्षीस मिळवायला आपलं घर दिव्यांनी मढवतोय. धाकटी बहीण सॅली सांताला पत्र लिहवून घेते आणि खेळण्यांऐवजी रोख नोटा मागते. मैत्रीण ल्यूसीला तर भेट म्हणून जमीनजुमला हवा. मुलं नाताळाचं नाटक बसवताहेत, त्यासाठी मोठं, चकचकीत ॲल्युमिनियमचं झाड आण म्हणून सगळे चार्लीला पाठवतात. तो घेऊन येतो एक मरतुकडं खरं झाड, एक गोळा अडकवला तरी वाकणारं. पोरं खो खो हसतात. मग चार्लीचा मित्र लायनस रंगमंचावर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा म्हणतो. शेवटी पोरं स्नूपीच्या घरावरची, स्पर्धेत पहिली आलेली सजावट उतरवतात आणि त्या झाडाला चढवतात. बाजारासाठी केलेली आरास तीच, फक्त तिची जागा बदलते. या एका प्रसंगासाठी मी शुल्झना फार मोठा लेखक मानते.

आता या गोष्टीचा जन्म पाहा. हिचे पैसे दिले कोका-कोला कंपनीनं. तिच्या जाहिरात संस्थेनं निर्माते ली मेंडेलसन यांना विचारलं, नाताळचा काही कार्यक्रम आहे का? हातात काहीच नव्हतं, तरी त्यांनी हो म्हटलं आणि घाईघाईनं आराखडा पाठवला. जेमतेम सहा महिन्यांत काम उरकायचं होतं. शुल्झही बाजारापासून फटकून राहणारे नव्हते, त्यांची ‘पीनट्स’मधली पोरं त्याआधीच फोर्डच्या जाहिरातींत झळकली होती. म्हणजे बाजाराविरुद्धची ही गोष्ट बाजाराच्याच पैशानं उभी राहिली. काहीजण यावरून तिला ढोंगी ठरवतात. मला ते मुळीच पटत नाही.

कारण पैसे दुसऱ्याचे असले तरी काही बाबतींत ही माणसं हटली नाहीत. कार्टूनमध्ये मुलांचे आवाज मोठी माणसं काढत, इथे खरी मुलं घेतली. सॅलीचा आवाज देणाऱ्या मुलीला वाचताही येत नव्हतं, तिला एकेक वाक्य सांगून म्हणवून घेतलं. विनोदामागे वाजणारा तयार हशा शुल्झनी घालू दिला नाही. संगीत व्हिन्स ग्वाराल्डी यांच्या जॅझचं. बायबलच्या उताऱ्याला तर खुद्द मेंडेलसन आणि चित्रं हलती करणारे बिल मेलेंडेझ हेच बिचकले होते, पण शुल्झ अडून बसले आणि उतारा राहिला. वाहिनीच्या साहेबांना हे सारं संथ आणि नीरस वाटलं. प्रसारणाच्या रात्री मात्र चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळपास निम्म्यांवर तेच लागलं होतं. एमी आणि पीबडी हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

ॲल्युमिनियमची झाडं या गोष्टीनंच बाजारातून उठवली, असं इथे सर्रास म्हणतात. नुसतं तेवढं कारण नसावं, फॅशनचं आयुष्य असतंच किती! पण ही गोष्ट पाहून मुलं ज्याला हसतात ते घरात आणायला आईबाप कचरतात, हेही खरं. कोका-कोलाचं नाव मूळ कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी होतं, पुढे ते कापलं गेलं. आज दुकानात वाकलेली फांदी आणि एकच लाल गोळा असलेलं ‘चार्ली ब्राऊनचं झाड’सुद्धा विकत मिळतं. त्यानं गोष्टीचं काही बिघडलेलं नाही. पोरं आजही ती डोळे लावून बघतात.

ही गोष्ट पाहिली की मला आपला गणपती आठवतो. मी पुण्यात वाढले. लहानपणी गणपतीत पावतीपुस्तक घेऊन वाड्यावाड्यातून वर्गणी मागत फिरायचो. आता मंडपापर्यंत पोचायला जाहिरातींच्या कमानींखालून जावं लागतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. प्रायोजकाचा चेक खुशाल घ्या, फुकटात मांडव उभा राहत नाही. पण तो हातात पडण्याआधी बैठक बोलवा आणि आरतीची वेळ, मूर्तीभोवतीची जागा, पोरांचे कार्यक्रम यांत देणाऱ्याचा शब्द चालणार नाही, हे मंडळाच्या वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.