कोळंबीचा रोग माणसाला होतो का? एका जंतूचा इतिहास

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात कोळंबीची शेती होत नाही. ती होते खाली, पालघर-डहाणूकडच्या खाड्यांलगत, खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत. पण सुकट, जवळा, सोडे आठवडी बाजारातून वर येतातच. त्यामुळे "कोळंबीवर रोग पडलाय म्हणे, खावी का?" हा प्रश्न इथेही पडतो. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

१९५० साली जपानमध्ये ओसाका इथे अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले, २० दगावले. डॉ. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यामागचा जंतू शोधला. त्याचं आजचं नाव विब्रिओ पॅराहिमोलायटिकस. कॉलऱ्याच्या जंतूचा हा चुलतभाऊ. २००३ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे जंतूच्या डीएनएतली सुमारे ५२ लाख अक्षरं, वाचून झाला.

पुढे २००९च्या सुमारास चीनमध्ये आणि मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंडमध्ये तळ्यांतली कोळंबी बीज सोडल्यापासून महिनाभरातच मरू लागली. २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण शोधलं. तोच जंतू!

पण तो तर समुद्रकाठच्या पाण्यात सगळीकडे असतो. मग सगळी कोळंबी का मरत नाही? मारक आणि निरुपद्रवी जंतूंचे जीनोम शेजारी ठेवून वाचले, तेव्हा उलगडा झाला. मारक जंतूकडे डीएनएचं एक जादा कडं होतं. याला प्लाझ्मिड म्हणतात. त्यावर पिर-ए आणि पिर-बी या विषांची जनुकं होती. प्लाझ्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. कॉलऱ्याच्या जंतूलाही त्याचं विष असंच उसनं मिळालं आहे, एका विषाणूकडून. हे १९९६ मध्ये सिद्ध झालं.

आता तुमचा प्रश्न. माणसाला आजारी करणारी या जंतूची जनुकं वेगळी आहेत आणि कोळंबी मारणाऱ्या बहुतेक जंतूंत ती आढळलेली नाहीत. म्हणजे कोळंबीचा हा रोग तुम्हाला होत नाही. मात्र कच्च्या मासळीत माणसाला त्रास देणारे जंतू असू शकतात. म्हणून कोळंबी पूर्ण शिजवा, सुकट धुऊन नीट शिजवा, कच्च्या मासळीची सुरी-पाट वेगळे ठेवा.

खरी काळजी दुसरीच आहे. औषधांना दाद न देणारी जनुकंही प्लाझ्मिडवरूनच फिरतात. तळ्यात अँटिबायोटिक ओतलं की असेच जंतू टिकतात आणि वाढतात. म्हणूनच कोळंबीशेतीत क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांवर आपल्याकडे बंदी आहे. पण हाच नियम घरालाही लागू आहे. पावसाळ्यात जुलाब लागले की डब्यातली उरलेली गोळी घेऊ नका. आधी ओआरएस सुरू करा. लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा मूल मलूल झालं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.