उसनी चाल, आपली रात्र

गायन पार्टीचा कार्यक्रम ज्यानं पाहिलाय, त्याला ठाऊक आहे की गाणं मधेच थांबतं. कडवं ऐन रंगात आलेलं असतं, ढोलकी चढलेली असते, आणि कुणीतरी गर्दीतून वाट काढत येऊन नोट पुढं करतं. गायक ती घेतो, पेटीवर ठेवतो आणि माईकवर नाव पुकारतो: अमक्या गल्लीतल्या तमक्या मंडळाकडून पार्टीला एकवीस रुपये बक्षीस, मंडळाचे आभारी आहोत. मग पुन्हा ध्रुपद. ध्वनिमुद्रण करायला नव्यानं आलेली मुलं या जागी हमखास चरफडतात. घरी जाऊन ती संगणकावर ही नावं कापून टाकतात आणि उरलेलं ‘स्वच्छ’ गाणं जपून ठेवतात. आंबेडकरी गायनाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याला माझी पहिली विनंती एवढीच आहे, की ती नावं कापू नका. गाणं कुणाच्या मालकीचं आहे, हे त्या नावांतच सांगितलेलं असतं.

नांदेड जिल्ह्यात बसून प्रस्तावना लिहिणं तसं धाडसाचं काम. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना नरहर कुरुंदकरांनी याच जिल्ह्यातून लिहिली, आणि तेव्हापासून इथल्या वाचकाला प्रस्तावनेकडून भांडणाची अपेक्षा असते. ती थोडीफार पुरी करण्याचा प्रयत्न करतो.

भांडण आहे ते ‘लोकसंगीत’ या शब्दाशी. भीमगीतं, जलसे, कव्वालीचे मुकाबले यांना आपण सहजी लोकसंगीताच्या फडताळात ठेवून देतो. तिथं ठेवलं की दोन गोष्टी होतात. गाणं परंपरेनं आपोआप वाहत आलं असं वाटू लागतं, आणि ते लिहिणारा माणूस निनावी होतो. प्रत्यक्षात हे संगीत कालपरवाचं आहे. लिहिणाऱ्यांची नावं ठाऊक आहेत, सालं ठाऊक आहेत. आणि ते आपोआप काही वाहत आलेलं नाही; दारोदार वर्गणी मागून, लाऊडस्पीकर भाड्यानं आणून, मिळेल तिथून तार ओढून ते उभं केलेलं आहे. आकाशवाणीनं बोलावलं नव्हतं, कंपन्या पुष्कळ उशिरा आल्या. स्वतंत्र संगीत म्हणतात ते दुसरं काय असतं?

याची सुरुवात सत्यशोधक जलशांपासून धरतात, आणि ते योग्यच आहे. तमाशाचा साचा घ्यायचा, त्यातला देवदेवतांचा आणि शृंगाराचा भाग काढून प्रबोधन भरायचं, ही युक्ती सत्यशोधकांची. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी ती आंबेडकरी चळवळीत आणली. कर्डकांनी पुढं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. त्यानंतरचं सगळ्यात मोठं नाव वामनदादा कर्डक यांचं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्म, मुंबईत मोलमजुरी, अक्षरओळख मोठेपणी. ते गाऊ-लिहू लागले १९४३च्या सुमारास, आणि २००४ मध्ये जाईपर्यंत महाराष्ट्रातली खेडी पायाखाली घालत राहिले. सुरुवातीची त्यांची गाणी सिनेमाच्या चालींवर होती. याबद्दल काही समीक्षक अजूनही नाक मुरडतात. त्याकडे येतोच, आधी याच जिल्ह्यातल्या धर्माबादकडे येऊ.

लाल मिरचीच्या बाजारासाठी हे गाव ओळखलं जातं. गाडी इथून सुटली की पुढं बासर लागतं, म्हणजे तेलंगण. बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही एका दमात ऐकू येतात, आणि मापाडी कुठल्या भाषेत शिवी देईल याचा नेम नसतो. हैदराबाद संस्थानातल्या या गावाच्या वाट्याला १९५६च्या शरदात एक विलक्षण पंधरवडा आला. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. अठरा दिवसांत धर्म बदलला आणि राज्यही बदललं. दीक्षेची वार्ता इथल्या वस्त्यांत घरोघरी पोचून रुजायला काळ लागला असणार, हे धरूनही त्या अठरा दिवसांकडे नीट पाहायला हवं. कारण यानंतर जे रिकामं झालं, ते गाण्यानं भरलं.

रिकामं काय झालं? वर्ष. पोतराज, मरीआई, खंडोबाचं जागरण, जत्रेतलं हलगीचं मानाचं पण हलक्या दर्जाचं काम, ही सगळी पंचांगाला बांधलेली गाणी एकदम सुटली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती चालणार नव्हती. नवं पंचांग आलं: १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. या दिवसांना गायचं काय? पाळण्याला, लग्नाला, मातीला गायचं काय? बौद्ध पूजापाठ पाली भाषेतला, तो भंतेजींनी म्हणायचा. बाकीची रात्र मोकळी होती. समाज आधी तयार होता आणि मग त्यानं आपली गाणी रचली, असा क्रम इथं लावता येत नाही. गाण्याच्या निमित्तानं लोक रात्रभर एका मंडपात बसले, त्या बसण्यातून ‘आपण’ कोण हे ठरत गेलं.

आणि गायचं कशात, तर कव्वालीत! बाहेरच्या अभ्यासकाला याचं नवल वाटतं. नव्या धम्माची गाणी सुफी घाटात कशी? इथल्या माणसाला वाटत नाही. निजामाच्या राज्यात दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू. कंधारच्या दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या जातींची माणसं जात. टाळ्यांचा ठेका, मुख्य गायकानं ओळ टाकायची आणि कोरसनं उचलायची, शेर पेरत पेरत मूळ ओळीवर परत यायचं, हा सगळा व्यवहार कानाला सवयीचा होता. शिवाय कव्वालीत एक सोय आहे: ती लांबवता येते. मुद्दा पटेपर्यंत ओळ फिरवता येते. व्याख्यानाला आलेला माणूस तासाभरानं जांभई देतो, मुकाबल्याला आलेला पहाटेपर्यंत हलत नाही. श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर, प्रल्हाद शिंदे ही नावं त्या काळात पोस्टरवर असली की शेजारच्या गावांतून बैलगाड्या जुंपल्या जात. प्रल्हाद शिंदे तर विठ्ठलाची गाणीही तितक्याच ताकदीनं गायले, आणि दोन्हीकडचे श्रोते त्यांना आपलेच समजत राहिले. शुद्धतेची फूटपट्टी घेऊन येणाऱ्यांनी या एका गळ्यापाशी थोडं थांबावं.

चाल उसनी असणं म्हणजे ओळख उसनी असणं नव्हे, हा या क्षेत्रातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा धडा, आणि तो मला पुरता उमगला तो एका फार दूरच्या उदाहरणानं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला लागून डेली सिटी नावाचं गाव आहे. १९६५ नंतर अमेरिकेचे स्थलांतराचे कायदे सैल झाले, तशी तिथं फिलिपिन्समधून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं राहू लागली. त्यांची शाळकरी मुलं १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून घरचे स्पीकर, अँप्लिफायर, दिवे गोळा करून फिरत्या डीजे टोळ्या काढू लागली. गॅरेजमध्ये, चर्चच्या सभागृहात, शाळेच्या व्यायामशाळेत, लग्नात, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाच्या समारंभात ही पोरं वाजवायची. सामान उचलायला चुलतभाऊ, गाडी काकाची, गिऱ्हाईक आईच्या ओळखीचं. ऑलिव्हर वांग या अभ्यासकानं २०१५ साली ‘लीजन्स ऑफ बूम’ या पुस्तकात त्यांचा इतिहास लिहिला. गंमत ही, की या मुलांनी वाजवलेल्या संगीतात फिलिपिनो असं जवळपास काही नव्हतं. कृष्णवर्णीयांचं फंक, डिस्को, पुढं हिपहॉप. तरीही त्या रात्री फिलिपिनो होत्या, कारण त्या कुणी भरवल्या, कुणाच्या घरून जेवण आलं आणि वायरी कुणी गुंडाळल्या, यावर ते ठरत होतं. त्याच परिसरातून पुढं डीजे क्यूबर्टसारखे जगप्रसिद्ध वादक निघाले, हा वरचा नफा.

साम्य ताणू नये. डेली सिटीतल्या मुलाला परक्या देशात जागा हवी होती. आपल्याकडच्या मुलाला स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच पाणवठ्यावर हवी होती, आणि ती मागितल्याबद्दल घर जळू शकत होतं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर काय झालं ते या जिल्ह्याला सांगायला नको. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा ४ ऑगस्टला खून झाला. नांदेडात गौतम वाघमारे यांनी या नामांतरासाठी २५ नोव्हेंबर १९९३ला स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालयं काढून नांदेडला वेगळं विद्यापीठही झालं. या सोळा वर्षांत गायन पार्ट्यांनी जे केलं, ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांना जमलं नाही. मारल्या गेलेल्यांची नावं त्यांनी गाण्यात बांधली आणि गावोगाव नेली. बक्षिसाच्या पुकाऱ्यात जिवंत माणसांची नावं, गाण्यात गेलेल्यांची. एकाच माईकवरून.

या क्षेत्रात आधी चालून गेलेल्यांची वाट धरायला हरकत नाही. कृष्णा किरवले यांचं ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ आधी वाचा. मग शर्मिला रेगे; ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’च्या सुरुवातीला त्यांनी गायन पार्ट्या आणि जयंतीच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिका यांना ज्ञाननिर्मितीची जागा म्हणून पाहिलं. विद्यापीठात असं म्हणायला तेव्हा धीटपणा लागत होता. कॅसेटच्या काळासाठी पीटर मॅन्युअल यांचं ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) उपयोगी आहे, जरी त्याचा भर उत्तर भारतावर असला तरी. कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं छापणं गावच्या आवाक्यात आलं, हा त्यातला मुद्दा मराठवाड्याला तसाच लागू होतो.

बायकांसाठी मात्र दुसऱ्या वाटेनं जावं लागेल. मंडपात त्या फार करून कोरसमध्ये असतात, पोस्टरवर क्वचित. त्यांचा खरा ठेवा जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचं मोठं भांडार १९९६ साली बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात सापडलं. तिथं ना वर्गणी, ना माईक. बाई पहाटे एकटी दळते आणि भीमरायाला भाऊ म्हणून घरी बोलावते. पार्टीतला भीमराव घटनाकार असतो, ओवीतला माहेरचा असतो. हा फरक कुणीतरी नीट लिहायला हवा. अलीकडे तेव्हाच्या औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोचल्या, तेव्हा मला वाटलं, ओवीतली बाई उंबरा ओलांडून आली.

अजून एक जागा नव्या अभ्यासकासाठी मोकळी आहे. कवीची छाप. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतोच. गावोगावच्या गायकांनी ती छाप कधी विसरून, कधी मुद्दाम बदलून स्वतःची टाकली आहे. एकाच गाण्याची चार गावांतली चार शेवटची कडवी गोळा केलीत, तर गाणं कुठून कुठं गेलं याचा नकाशा हाती येईल. मनमाड ते सिकंदराबाद या निजामकालीन रेल्वेमार्गावर हा प्रयोग कुणी करून पाहावा. मनमाडला १९३८च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली होती, आणि त्याच रुळांवर पुढं जालना, परभणी, नांदेड, धर्माबाद आहे. पलीकडे तेलंगणात लोकगायक गद्दर आणि त्यांच्या सोबत्यांचा डप्पू वाजत होता, अलीकडे हलगी. दोन्ही कातडं तापवूनच सुरात येतात. सीमेवरच्या पोरांनी दोन्ही ऐकलेली आहेत, पण दोन्हींचा एकत्र अभ्यास करायला दोन भाषा लागतात, आणि विद्यापीठांना एकच परवडते.

डीजेबद्दल बोललं नाही तर तरुण वाचक पुस्तक मिटेल. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती आल्या आणि पार्ट्यांची बिदागी त्या भिंतींकडे वळली, हे खरं. माझंही मन त्यात रमत नाही, छातीत धडधडतं. पण डेली सिटीचं उदाहरण देऊन झाल्यावर मला इथल्या पोरांवर चिडता येत नाही. प्रश्न आवाजाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. पार्टीला दिलेला पैसा गावच्या ढोलकीवाल्याकडे, पेटीवाल्याकडे जायचा. आता तो शहरातल्या भाडेवाल्याकडे जातो, आणि माईकवर नाव पुकारायला कुणी नसतं.

तेव्हा या. जयंती १४ एप्रिललाच असते असं समजून आलात तर चुकाल. शेजारच्या गावाची पार्टी मोकळी व्हायची वाट पाहत खेड्यांतल्या जयंत्या मे महिन्यात जातात. मुक्कामाच्या तयारीनं या, कारण गाणं सुरू व्हायला अकरा वाजतात आणि संपल्यावर एसटी नसते. घर कुणाचंही चालेल, जेवण झाल्याशिवाय कुणी मंडपात बसू देणार नाही. पुढच्या रांगेत बसू नका, तिथं स्पीकर कानाशी येतो. पेटीवाल्याच्या मागं, सतरंजीच्या कडेला जागा धरा. तिथून वर्गणीची वही दिसते, आणि ती लिहिणारा पोरगा विचारलंत तर दाखवतोसुद्धा. फक्त आधी आपले अकरा रुपये तिच्यात मांडून घेतो.