पदवीनंतरचा उंबरठा

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शाळेच्या दारापासून आरंभ करतो. वर्गाबाहेर बसवलेले मूल आणि पाण्याच्या भांड्याला स्पर्श करण्याची त्याला केलेली मनाई ही चित्रे समाजाच्या स्मृतीत खोल रुजली आहेत, आणि ती रुजलेली राहावीत हेच उचित होय. परंतु या वाटचालीत आणखी एक दार आहे व त्याचा विचार तुलनेने कमी झालेला आहे. ते पदवी आणि संशोधन यांच्या मध्ये उभे आहे. ज्या दिवशी गरीब घरातील तरुण पदवीधर होतो, त्याच दिवसापासून घर त्याच्याकडे मिळवता माणूस म्हणून पाहू लागते. तरुणी असेल तर तिच्या विवाहाची चर्चा सुरू होते. संशोधन मात्र आणखी काही वर्षे मागते, आणि तीही कमाईवाचूनची. या दारावर मज्जावाची पाटी नसते, तरीही त्याच्या आत फार थोडे जण जातात. हे दार कोणत्या उपायांनी उघडले व कोणत्या कारणांनी पुन्हा मिटले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. लगेच २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे वडील सुभेदार रामजी यांचे निधन झाले. घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत होता. सामान्य न्यायाने या तरुणाचा विद्याभ्यास येथेच संपावयास हवा होता. तो संपला नाही, याचे कारण महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली शिष्यवृत्ती. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा, अशा त्याच्या अटी होत्या. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या तीन वर्षांत काय घडले हे सर्वश्रुत आहे. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळाली. तिच्यासाठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा यांवरील निबंध वाचला. अर्थशास्त्रात त्यांना प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. म्हणजे द्रव्याच्या जोडीला समृद्ध ग्रंथालय, जाणता मार्गदर्शक आणि समानतेने वागवणारे विद्यापीठ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. यांपैकी एक जरी उणी असती, तरी शिष्यवृत्तीचे फळ अपुरे राहिले असते.

मात्र याच चरित्राची दुसरी बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, तेथे अभ्यास सुरू झाला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास सेवेसाठी गेले. विदेशी विद्यापीठाने सन्मानिलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची भर पडली, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. ही पदवी १९२३ मध्ये मिळाली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षे केवळ द्रव्याअभावी खर्ची पडली. मग सामान्य बुद्धिमत्तेच्या, पण जिज्ञासू अशा विद्यार्थ्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

हा अनुभव बाबासाहेबांनी वैयक्तिक आठवण म्हणून जपून ठेवला नाही. त्याचे त्यांनी धोरणात रूपांतर केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. केवळ कला व कायदा यांच्या पदव्यांनी समाजाचे फारसे हित होणार नाही. विज्ञान व तंत्रविद्येचे प्रगत शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते या वर्गाला सरकारी साहाय्यावाचून परवडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. देशातील विद्यापीठांबरोबरच परदेशी शिक्षणासाठीही त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या. त्यातून वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना अमलात आली. १९१३ मध्ये एका राजाच्या औदार्यावर अवलंबून असलेली गोष्ट ही तीस वर्षांनी राज्यसंस्थेची जबाबदारी बनली. औदार्याकडून हक्काकडे झालेला हा प्रवास या इतिहासाचा गाभा होय.

द्रव्याची सोय झाली, तरी विद्येचे वातावरण लागतेच. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे सकाळच्या वेळेत वर्ग भरू लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ख्यात झाले. त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. भिक्षू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव विद्यालयाला देण्यात फार मोठा अर्थ भरलेला आहे; संशोधनाचा आरंभ प्रश्नातूनच होतो. याच परिसरातील प्राध्यापक म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठात संशोधन केले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. मिलिंदमध्येच पदवी घेतलेले डॉ. सुखदेव थोरात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून पीएच. डी. झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. पदवीच्या वर्गातच संशोधनाची दृष्टी मिळाली, तर काय घडू शकते याची ही साक्ष आहे.

परंतु उघडलेले दार उघडेच राहते असे नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत नव्हता. तो १९९० मध्ये कायद्याने झाला. मधल्या चौतीस वर्षांत महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या खऱ्या, पण अखिल भारतीय पातळीवर त्यांचा हक्क दुबळाच राहिला. २००५-०६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. आरंभी वर्षाला २,००० संशोधकांची, म्हणजे अनुसूचित जातींच्या १,३३३ आणि जमातींच्या ६६७ जणांची, सोय तीत होती व नेट परीक्षेची अट नव्हती. ग्रामीण महाविद्यालयांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना तिने मोठा आधार दिला. पुढे ही निवडही नेट परीक्षेशी जोडली गेली.

२०२२ या वर्षी घडलेल्या दोन गोष्टी विशेष विचारणीय आहेत. १९५४-५५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून त्या वर्षी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कारण कोणतेही दिलेले असो, त्या नियमाखाली १९१५ चा प्राचीन व्यापारावरील प्रबंध आणि १९१६ चा जातिसंस्थेवरील निबंध, दोन्ही शिष्यवृत्तीस अपात्र ठरले असते. ज्या समाजाला आपल्या दास्याचा इतिहास स्वतः तपासावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे. दुसरी गोष्ट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीची. तिने एम. फिल. बंद केले आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास थेट पीएच. डी.चे दार उघडले. अनुसूचित जाती-जमाती आदी प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. वरवर पाहता वाट जवळची झाली. पण संशोधनाचे शिक्षण देणारी एक पायरी नाहीशी झाली, आणि निर्णयाचा क्षण पदवीच्या काळातच येऊन ठेपला. ज्याला त्या वयात मार्गदर्शक भेटला नाही, त्याच्या हातून संधी निसटल्याचे त्याला कळणारही नाही.

म्हणून या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे आणि प्रबंध पुरा होईपर्यंत टिकली पाहिजे, ही मागणी शासनाकडे सतत करावयास हवी. परंतु पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला प्रश्न मांडावयास शिकवणे, संदर्भग्रंथ कसा वाचावा हे दाखवणे, अर्जाची मुदत कळवणे आणि त्याच्या आईवडिलांना या वर्षांचे मोल समजावून सांगणे, ही कामे शासनाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. आपल्या समाजात आज पीएच. डी. झालेल्यांची संख्या लहान नाही. त्यांतील प्रत्येकाने जवळच्या महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांची जबाबदारी घेतली आणि विहाराच्या ग्रंथालयातील एक मेज त्यांच्यासाठी राखून ठेवले, तर हा उंबरठा ओलांडणाऱ्याला एखाद्या राजाच्या कृपेची वाट पाहत थांबावे लागणार नाही.