दादोबा पांडुरंग : शिक्षक, सरकारी अधिकारी आणि प्रार्थनाकार

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनात दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांचा उल्लेख प्रामुख्याने 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणून केला जातो. त्यामुळे त्यांचे धर्मविषयक लेखन काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. त्यांचे सरकारी पद आणि त्यांची प्रार्थनारचना यांतील संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिक्षक व अधिकारी :
इ. स. १८३६ मध्ये दादोबांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत व सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन केले. सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत 'मानवधर्मसभा' स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १८४६ मध्ये मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची धुरा त्यांच्याकडे आली. १८५२ मध्ये ते अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाच्या बंदोबस्तातील कामगिरीबद्दल त्यांना 'रावबहादूर' हा किताब मिळाला.

प्रार्थना आणि गुप्तता :
१८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या 'परमहंस सभे'चे दादोबा हे वैचारिक प्रणेते होत. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. सभासद जातिभेद मोडण्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. मात्र हे सर्व गुप्तपणे चाले. सभेच्या बैठकीत म्हणावयाच्या मराठी पद्यप्रार्थना दादोबांच्या होत्या. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' ही त्यांची पद्यरचना याच विचारांची आहे. एकच ईश्वर व एकच मनुष्यजाती हे तत्त्व मूर्ती, पुरोहित अथवा जात यांच्या आधाराविना सामुदायिक उपासनेत आणणे, हे या प्रार्थनांचे खरे महत्त्व होय. तथापि 'धर्मविवेचन' हा ग्रंथ १८४३ मध्ये लिहूनही १८६८ पर्यंत अप्रकाशित राहिला. आणि तोही 'एक जगद्वासी आर्य' या टोपणनावाने निघाला. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होताच सभा मोडली.

निष्कर्ष :
दादोबांच्या या मौनास केवळ भीरुता म्हणणे अन्यायाचे ठरेल. जातिबहिष्काराची झळ एकट्या सभासदास नव्हे, तर त्याच्या सबंध कुटुंबास लागत असे. परंतु व्याकरणावर स्वतःचे नाव घालणाऱ्या ग्रंथकारास धर्मविचारावर ते घालता आले नाही, ही त्या काळातील सुधारणेची मर्यादा होती. १८६७ मध्ये त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने 'प्रार्थना समाज' उघडपणे स्थापन झाला. बंद दाराआड सुरू झालेली सामुदायिक मराठी प्रार्थना तेथे प्रकट झाली. दादोबांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या व्याकरणाइतकेच या प्रार्थनांनाही स्थान दिले पाहिजे.