रत्नागिरी जिल्हा : भूगोल, समाजरचना आणि लोकसंख्येचा इतिहास (१८१८ ते २०११)

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या पश्चिम किनारपट्टीवरील रत्नागिरी जिल्हा मनुष्यबळ बाहेर पाठविणारा जिल्हा म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला आहे. 'मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा' हे त्याचे वर्णन सर्वपरिचित आहे. या परिस्थितीचे कारण सामान्यतः भूगोलात शोधले जाते. डोंगराळ प्रदेश, निकृष्ट जमीन आणि अपुरी शेती यांमुळे माणसे मुंबईला गेली, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. भूगोलाने उत्पन्नाची मर्यादा घातली. त्या मर्यादित उत्पन्नाची वाटणी मात्र जमीनधारणेच्या पद्धतीने ठरविली. म्हणून जिल्ह्याच्या लोकसंख्येचा विचार भूगोल, समाजरचना आणि जमीनधारणा या तिन्हींच्या संदर्भात करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. रत्नागिरी जिल्ह्याच्या भौगोलिक रचनेचा लोकजीवनाशी असलेला संबंध तपासणे.
२. खोती पद्धती व स्थलांतर यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. जनगणनेच्या आधारे लोकसंख्येतील, विशेषतः स्त्री-पुरुष प्रमाणातील बदलांचा अन्वयार्थ लावणे.

अभ्यासक्षेत्र व मर्यादा :

पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणचा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. आरंभी बाणकोट येथे असलेले मुख्य ठाणे १८२२ मध्ये रत्नागिरीस हलविण्यात आले. स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान या जिल्ह्यात विलीन झाले आणि १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडील तालुके वेगळे काढून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण करण्यात आला. त्यामुळे १९८१ पूर्वीच्या अखंड जिल्ह्याचे आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत. प्रस्तुत निबंधातील जनगणनेची तुलना म्हणून १९९१, २००१ व २०११ या तीन जनगणनांपुरती मर्यादित ठेवली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात वसलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौ. कि. मी. आहे. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे त्याचे नऊ तालुके होत. उत्तर सीमेवर सावित्री, मध्यभागी वाशिष्ठी व शास्त्री आणि दक्षिणेकडे काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रीतून निघून थोडक्या अंतरात समुद्रास मिळतात. त्यांच्या खाड्यांनी किनारा जागोजागी तोडला आहे. शेजारच्या गावी जाण्यास तरीचा आधार घ्यावा लागणे ही इथली जुनीच रीत होती.

पावसाळ्यात येथे विपुल पाऊस पडतो. तथापि जांभा दगड सच्छिद्र आणि उतार तीव्र असल्याने हे पाणी टिकत नाही, आणि उन्हाळ्यात अनेक वाड्यांना पाणीटंचाईस तोंड द्यावे लागते. विस्तीर्ण सड्यांवर मातीचा थर नाममात्र आहे. याच सड्यांवरील प्राचीन कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. भाताची शेती खोलगट मळ्यांत व बांध घातलेल्या कोपऱ्यांत होते, तर उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. ही जमीन काही वर्षे पिकवून पुन्हा पडीक ठेवावी लागत असे.

तथापि हा प्रदेश नेहमीच दरिद्री होता असे म्हणता येत नाही. दाभोळ हे बहमनी व आदिलशाही काळातील मोठे बंदर होते. राजापुरास इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या पेठेवर केलेली स्वारी तिच्या संपन्नतेचीच साक्ष देते. घाटमाथ्यावरील माल कुंभार्ली व आंबा या घाटांनी बंदरांत उतरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटावर रेल्वे पसरली आणि हा माल थेट मुंबईकडे वळला. खाड्याही गाळाने भरत गेल्या. ज्या भूगोलाने बंदरे दिली तोच भूगोल नव्या वाहतूकव्यवस्थेत अडचण ठरला. रेल्वे या जिल्ह्यात पोहोचण्यास विसावे शतक संपत यावे लागले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला.

समाजरचना :

जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कुणबी समाज संख्येने मोठा आहे. त्याबरोबर मराठा, महार (१९५६ नंतर बहुतांशी बौद्ध), भंडारी, तेली, गुरव, सुतार, कुंभार आदी समाज गावोगावी आढळतात. चित्पावन, कऱ्हाडे व देवरुखे ब्राह्मणांची वस्ती जुनी आहे. किनाऱ्यावर खारवी, कोळी, गाबीत व मुसलमान दालदी हे मच्छीमारी करणारे समाज राहतात. खाड्यांच्या काठी कोकणी मुसलमानांची मोठी गावे आहेत. वस्तीची रचनाही या समाजरचनेस अनुसरून आहे. गाव एकवट नसून दूरदूरच्या वाड्यांत विखुरलेले असते आणि बहुतेक वाड्या समाजवार असतात.

प्रत्येक समाजाचा बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा होता. पेशवाईत चित्पावन कुटुंबे कारभार व सावकारीच्या निमित्ताने घाटावर गेली आणि पुढे इंग्रजी शिक्षणाच्या आधारे नोकरी-व्यवसायांत शिरली. महार व मराठा तरुणांना कंपनीच्या व नंतर सरकारच्या मुंबई सैन्याचा आधार मिळाला. दापोली येथील कॅम्पमध्ये महार निवृत्तिवेतनधारकांची वसाहत निर्माण झाली व तेथून सामाजिक जागृतीचा आरंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली, तेव्हा हा आधार तुटला. कोकणी मुसलमान आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. त्यांच्यातील काही दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनपर्यंत पोहोचले, तर १९७० नंतर आखाती देशांकडे मोठा ओघ सुरू झाला. कुणबी व इतर कष्टकरी समाजांसाठी मात्र मुख्य मार्ग मुंबईच्या गिरणीचाच राहिला.

खोती पद्धती :

जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची असे आणि त्या बदल्यात कुळांकडून उत्पन्नाचा हिस्सा घेण्याचा हक्क त्यास मिळे. खोत बहुतांशी ब्राह्मण असले तरी मराठा व मुसलमान खोतही होते. सामान्यतः भाताचे निम्मे आणि वरकस पिकाचे एक तृतीयांश उत्पन्न खोतास द्यावे लागे. याशिवाय वेठ होतीच. खोताच्या शेतावर विनामोबदला राबणे, त्याचे ओझे वाहणे ही कुळाची 'सेवा' मानली जाई.

१८८० च्या खोती कायद्याने खोत व कूळ यांचे हक्क लिखित स्वरूपात निश्चित केले, परंतु मूळ रचना कायम राहिली. बांध घालून, माती वाहून जमीन सुधारली तरी वाढीव उत्पन्नातील मोठा वाटा खोताकडे जाणार असल्याने सुधारणेची प्रेरणाच खुंटली. शेतीवर वर्ष निघत नसे आणि खोताचे देणे रोकड स्वरूपात असो वा धान्यात, ते फेडण्यासाठी घरातील एकाने बाहेर कमावणे भाग पडे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी व महार कुळे एकत्र आली ही बाब लक्षणीय आहे. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळे मालक झाली. परंतु तोपर्यंत तीन-चार पिढ्यांचे स्थलांतर रूढ झाले होते आणि हाती आलेली जमीन लहान तुकड्यांत विभागलेली होती.

मुंबई आणि रत्नागिरी :

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरीचा मजूर हा त्यांचा कणा बनला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या एकूण लोकसंख्येत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. हे स्थलांतर प्रामुख्याने पुरुषांचे होते. परळ-लालबागच्या चाळीत एकेका खोलीत गावचे अनेक पुरुष एकत्र राहत, खानावळीत जेवत आणि गावकीच्या मंडळातून एकमेकांस सांभाळत. शिमगा व गणपतीस चाकरमानी गावी येई. लावणीपासून झोडणीपर्यंतची शेती, गुरे, वृद्ध व मुले हा सर्व भार गावी राहिलेल्या स्त्रीवर होता. मुंबईतील तुटपुंज्या मजुरीत कुटुंब पोसता येत नव्हते. ते गावच्या शेतीवर पोसले जाई. म्हणजेच गिरणीची स्वस्त मजुरी कोकणातील स्त्रीच्या श्रमावर उभी होती.

लोकसंख्येचे स्वरूप :

जनगणनेतील आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

१९९१ : एकूण १५,४४,०५७, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,२०५
२००१ : एकूण १६,९६,७७७, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१३६
२०११ : एकूण १६,१५,०६९, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२

स्त्रियांचे हे अधिक प्रमाण मुलीच्या जन्माच्या स्वागताचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. शून्य ते सहा वयोगटात येथेही मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच आहे. प्रौढ पुरुष गणनेच्या वेळी गावी नसतात एवढाच या आकड्याचा मुख्य अर्थ होय.

२००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ४.८२ टक्क्यांनी घटली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घट झाली. रत्नागिरीतील घट एकूण ८१,७०८ असून त्यात पुरुष ३३,३७७ तर स्त्रिया ४८,३३१ आहेत. घटत्या जन्मदराचा यात वाटा आहे आणि वृद्ध स्त्रिया अधिक असल्याने मृत्यूंचाही काही परिणाम संभवतो. परंतु स्त्रियांची घट पुरुषांच्या दीडपट होण्याचे स्पष्टीकरण केवळ त्यातून मिळत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरगावात, लालबागेत खोली करून राहणारा एकटा चाकरमानी मागे पडला आणि मुंबईच्या उपनगरांत कुटुंबासह स्थायिक होणारी पिढी पुढे आली. प्रमाण १,२०५ वरून १,१२२ वर आले ते पुरुष परतले म्हणून नव्हे, तर आता स्त्रियाही जाऊ लागल्या म्हणून, असा निष्कर्ष यातून निघतो.

याचे परिणाम दूरगामी आहेत. पूर्वीच्या स्थलांतरात घर उघडे राहत असे व शेती चालू असे. कुटुंबाच्या स्थलांतरात घराला कुलूप लागते, जमीन पडीक राहते आणि शाळेचा पट घसरतो. सामायिक खात्यातील हिस्सेदार विविध शहरांत विखुरल्याने उरलेल्यांना जमिनीचा विकास करणेही कठीण जाते. ज्या स्त्रियांनी ही शेती शतकभर सांभाळली त्यांची नावे सातबाऱ्यावर क्वचितच लागली, हे येथे नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :

१. रत्नागिरीतील स्थलांतर हे केवळ भौगोलिक प्रतिकूलतेचे फलित नसून खोती पद्धती, बंदरांचा ऱ्हास आणि मुंबईच्या उद्योगांची मजुरांची गरज यांच्या संयोगातून ते घडले.
२. स्थलांतराचे मार्ग समाजपरत्वे भिन्न होते. त्यांत शिक्षण व जमीन यांवरील पूर्वापार हक्क निर्णायक ठरला.
३. स्त्रियांचे अधिक प्रमाण हे स्त्रीच्या सामाजिक दर्जाचे नव्हे, तर पुरुषांच्या अनुपस्थितीचे द्योतक आहे.
४. २००१ नंतर पुरुषांच्या स्थलांतराचे कुटुंबाच्या स्थलांतरात रूपांतर होत असल्याचे दिसते.

२०२१ ची नियोजित जनगणना वेळेवर होऊ न शकल्याने पुढील चित्र पाहण्यास नवी आकडेवारी हाती येणे आवश्यक आहे. ती येईल तेव्हा एकूण लोकसंख्या किती घटली, एवढेच पाहून चालणार नाही. गावी कोण उरले आणि त्यांच्या नावे किती जमीन आहे, हा प्रश्न जिल्ह्याच्या नियोजनासाठी अधिक महत्त्वाचा राहील.